ॲप उघडत नाही, उघडलं की बंद पडतं? आधी काय करायचं आणि कोणतं बटण दाबायचं नाही

महागाव : वावरात जाऊन पीक नोंदवायला मोबाईल काढावा, ॲपवर बोट ठेवावं, गोल चकरी फिरावी आणि ॲप आपोआप बंद व्हावं. परत दाबलं, परत बंद. असं झालं की आपल्यापैकी बरेच जण वैतागून ॲपच काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. खरं म्हणजे हा उपाय सगळ्यात शेवटचा आहे. तो आधी केला तर कधी कधी केलेलं कामही जातं.

मी स्वतः ही चूक केली आहे. एकदा सोयाबीन आणि तुरीचे फोटो काढून माहिती भरून ठेवली होती. वावरात नेट नव्हतं म्हणून अपलोड राहिलं. घरी आल्यावर ॲप उघडेना. पुतण्या म्हणाला, काका, डेटा साफ करा. केला. ॲप उघडलं, पण भरलेली माहिती गेली. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत परत जावं लागलं. तारीख शिल्लक होती म्हणून निभावलं.

हे एवढं महत्त्वाचं का?

राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, असं तिचं स्वरूप आहे. हमीभावाची खरेदी, पीक कर्ज, नुकसानभरपाई अशा ठिकाणी सातबाऱ्यावरचा पेरा पाहिला जातो. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी शासनाने हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले तेव्हा सुरुवातीला ई-पीक पाहणीची नोंदच पाहिली होती. म्हणून ॲप बंद पडलं म्हणजे नुसता मोबाईलचा बिघाड म्हणून सोडून देता येत नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा

- एकच ॲप बंद पडतं की सगळीच? सगळी पडत असतील तर दोष मोबाईलमध्ये आहे. बहुतेक वेळा जागा भरलेली असते.
- शेजाऱ्याच्या मोबाईलवर तेच ॲप चालतं का? त्याचंही अडकत असेल तर सर्व्हरवर ताण असू शकतो. शेवटच्या तारखेला सगळेच तुटून पडतात. अशा वेळी पहाटे किंवा रात्री करून पाहा. मोबाईलशी खटपट करू नका.
- तुमच्याच मोबाईलवर, तेच एक ॲप अडकतं? मग खालचे उपाय याच क्रमाने करा. प्रत्येक उपायानंतर ॲप उघडून पाहा.

उपाय, क्रमाने

१. ॲप पूर्ण थांबवा. सेटिंग, ॲप्स, मग ते ॲप निवडा आणि 'सक्तीने थांबवा' दाबा. इंग्रजी मोबाईलवर तिथे 'फोर्स स्टॉप' असतं. याने भरलेली माहिती पुसली जात नाही.

२. मोबाईल बंद करून चालू करा. आपले मोबाईल महिनोन्‌महिने बंदच होत नाहीत. दोन-तीन जीबी रॅमच्या मोबाईलवर मागे दहा ॲप उघडी असली की नवीन ॲपला जागाच मिळत नाही.

३. जागा करा. किमान एक-दोन जीबी मोकळी ठेवा. सगळ्यात जास्त जागा व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ खातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त गेलं की कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली ते दिसतं. तिथून शुभ सकाळचे व्हिडिओ काढून टाका. घरचे फोटो मात्र पाहून काढा.

४. तारीख आणि वेळ पाहा. बॅटरी पूर्ण उतरली की काही मोबाईलची तारीख मागे जाते. तारीख चुकली की ॲपचा सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' करून ठेवा.

५. परवानग्या तपासा. अँड्रॉइड ११ पासून पुढच्या मोबाईलमध्ये एखादं ॲप काही महिने वापरलं नाही, तर मोबाईल त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. पीक नोंदणीचं ॲप आपण हंगामापुरतं उघडतो. खरिपात दिलेली कॅमेऱ्याची आणि लोकेशनची परवानगी पुढच्या खरिपापर्यंत गेलेली असू शकते. सेटिंग, ॲप्स, ते ॲप, परवानग्या इथे जाऊन दोन्ही चालू करा. 'अचूक लोकेशन' असं बटण असेल तर तेही चालू ठेवा. बॅटरी सेव्हर बंद करा. झाडाखाली न थांबता मोकळ्या जागी उभे राहा.

६. ॲप अपडेट करा. प्ले स्टोअरवर ॲपचं नाव शोधा. 'अपडेट' दिसलं तर दाबा. हंगाम बदलला की सरकारी ॲपची नवीन आवृत्ती येते आणि जुनी चालेनाशी होते. पण जुन्यात न पाठवलेली माहिती असेल आणि ते उघडत असेल, तर आधी ती अपलोड करा.

७. वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा. 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' नावाचा एक भाग मोबाईलमध्ये असतो. बरीच ॲप आपली पानं दाखवायला तो वापरतात. २०२१ च्या मार्चमध्ये, २२-२३ तारखेला, याच भागाच्या सदोष अपडेटमुळे जगभर जीमेलसह कितीतरी ॲप उघडताच बंद पडत होती. लोकांनी एकेक ॲप काढून पाहिलं, पण दोष ॲपमध्ये नव्हताच. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवीन आवृत्ती दिल्यावर ती सुरळीत झाली. म्हणून दोन-चार ॲप एकदमच बंद पडू लागली तर हे दोन अपडेट आधी पाहा.

८. कॅशे साफ करा. सेटिंग, ॲप्स, ते ॲप, स्टोरेज, 'कॅशे साफ करा'. कॅशे म्हणजे तात्पुरता साठा. तो पुसला तर सहसा काही बिघडत नाही.

९. डेटा साफ करणं किंवा ॲप काढून टाकणं हे सगळ्यात शेवटी. 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' ही बटणं एकाच पानावर, शेजारी-शेजारी असतात. घोळ इथेच होतो. अपलोड न झालेली नोंद फक्त तुमच्या मोबाईलमध्ये असते. डेटा साफ केला की ती गेली, मग परत वावरात जाऊन फोटो काढावे लागतात.

मोबाईल फार जुना असेल तर

अँड्रॉइड ४ वर आता व्हॉट्सॲपही चालत नाही, मग नवीन ॲप कुठून चालणार? कितीही वेळा टाकलं तरी उपयोग नाही. अशा वेळी घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाईलवरून तुमच्या खात्याची पीक नोंद करता येते. मात्र ओटीपी विचारला तर तो फोनवर कोणाला सांगू नका. स्वतः समोर बसून भरा.

व्हॉट्सॲपवर आलेली फाईल टाकू नका

ॲप चालेना म्हटलं की कोणीतरी ग्रुपवर फाईल टाकतो, 'हे घ्या, नवीन ॲप'. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर उघडू नका. पीएम किसानच्या नावाने अशा खोट्या फाईल फिरवून लोकांच्या बँक खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. फाईल टाकल्यावर ॲप उघडून बंद झालं, किंवा त्याचं चिन्हच गायब झालं, तर तो बिघाड नसून धोका असू शकतो. लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर तक्रार करा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

कॉम्प्युटरवरही क्रम तोच

सेवा केंद्र चालवणाऱ्या आपल्या पोरांसाठी. प्रोग्राम अडकला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमधून तो बंद करा आणि परत उघडा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट, मग तारीख, मग सी ड्राईव्हमधली जागा, मग अपडेट. विंडोज ७ वर २०२३ च्या फेब्रुवारीपासून क्रोमची नवीन आवृत्ती येत नाही, त्यामुळे नव्या वेबसाईट तिथे अडकू शकतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

इतकं करूनही नाही झालं तर

ॲपवर जो संदेश येतो त्याचा स्क्रीनशॉट काढा. त्यात तारीख-वेळ दिसू द्या. तो घेऊन शेवटच्या तारखेच्या आधीच तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, किंवा गावात नेमलेल्या पीक पाहणी सहाय्यकाला भेटा. नुसतं 'ॲप चाललं नाही' असं नंतर सांगण्यापेक्षा स्क्रीनशॉट दाखवलेला बरा.

वावरात निघायच्या आदल्या संध्याकाळी, घरी नेट असताना, पाच मिनिटं काढा. ॲप अपडेट, परवानग्या, जागा, चार्जिंग एवढं पाहून घ्या. नोंद करून घरी आलात की आधी अपलोड करा आणि ते झाल्याचा संदेश पाहूनच ॲप बंद करा. पुढे काही दिवसांनी सातबारा काढून पिकाचं नाव चढलं की नाही तेही बघा.