मोबाइलवरची मोटर

हिंजवडीच्या आयटी पार्कात आज सेन्सर आणि मोबाइलची जोडणी आधी संगणकाच्या पडद्यावर चालवून बघतात. या विद्येचा पुण्यातला जुना धागा मला मात्र शेतातल्या मोटरच्या स्टार्टरपाशी सापडतो. आमच्या माणच्या मळ्यात थ्री-फेज रात्री यायची. मोटर चालू करायला वडील बॅटरी घेऊन बांधावरून निघायचे आणि विहिरीवर पोहोचेपर्यंत लाइट गेलेली असायची. साप-विंचवाची भीती वेगळीच.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी हेच दुखणं ओळखून 'नॅनो गणेश' घडवलं. स्टार्टरला जोडलेल्या मोबाइलला फोन लावायचा, आकडी संकेत दाबायचा, की मोटर चालू! वीज आहे की नाही, हे कानावर पडणाऱ्या आवाजावरून कळायचं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. साध्या कीपॅडच्या फोनवर हे चालायचं, म्हणून मला ही रचना फार मोठी वाटते.

विद्यार्थ्यांना मी हीच मांडणी टेबलावर करायला लावतो. मोटरच्या जागी १०० वॅटचा बल्ब. फोन लागतो, रिले 'टक्' वाजतो, बल्ब पेटतो. मग प्लग उपटायचा आणि परत लावायचा. वीज परतल्यावर मोटर आपोआप सुरू व्हावी, की मालकाच्या फोनची वाट बघावी? विहीर आटलेली असेल, तर कोरडी मोटर जळते. यावर वर्गात कडाक्याचा वाद होतो.