शिंपल्या वेचणाऱ्यांचा इतिहास : कोकण किनाऱ्यावरील एका नोंदीबाहेरच्या व्यवसायाचा विचार

प्रस्तावना

मानवाने समुद्रातून मिळवलेले पहिले अन्न मासा नसून शिंपला असावा, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. दक्षिण आफ्रिकेतील पिनॅकल पॉइंट येथील गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसाने शिंपल्या खाल्ल्याचा पुरावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामास नाव लागत नाही, जाळे लागत नाही, गळही लागत नाही. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर चालत जाणे आणि काय कोठे दडलेले आहे हे ओळखता येणे, एवढेच पुरते. मात्र ज्या कामास साधन लागत नाही, त्या कामाची नोंदही सहसा होत नाही. प्रस्तुत निबंधात कोकण किनाऱ्यावरील शिंपल्या वेचण्याच्या परंपरेचा याच दृष्टीने विचार केला आहे. ही परंपरा दप्तरात का आली नाही आणि दप्तरात नसण्याचा परिणाम पुढे काय झाला, हे येथील मुख्य प्रश्न होत.

ओहोटीचे गणित

कोकणात वेचल्या जाणाऱ्या जीवांची नावे गावागणिक थोडीफार बदलतात. खाडीच्या मुखाशी रेतीमिश्रित चिखलात तिसऱ्या सापडतात. मुळे आणि खुबे हेही खाडीतलेच. कालवे खडकाला घट्ट चिकटलेली असतात. दक्षिण कोकणात व गोव्यात लाटांचा मारा असलेल्या खडकांवर शिणाणे मिळतात. यांपैकी प्रत्येकाची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि काढण्याची रीतही वेगळी आहे. तिसऱ्या गुडघाभर किंवा कमरेएवढ्या पाण्यात पायाच्या तळव्याने चाचपून हाताने उकरून काढतात. कालवे जागच्या जागी लोखंडी हत्याराने फोडून आतील मांस भांड्यात गोळा केले जाते आणि खालची शिंप खडकावरच राहते. शिणाणे काढण्यासाठी लाटांत उतरावे वा बुडी मारावी लागते, म्हणून ते काम बहुधा पुरुषांकडे असते. उरलेले जवळजवळ सर्व काम स्त्रियांचे व मुलांचे. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी अशा अनेक समाजांतील कुटुंबांचा त्यात वाटा राहिला आहे.

या कामामागील ज्ञान पंचांगाशी जोडलेले आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागले असता भरतीची वेळ मिळते, असा ठोकताळा मराठी किनाऱ्यावर प्रचलित आहे. पंचमीस हे गणित पावणेचार दाखवते. तेव्हा भरती पावणेचारच्या सुमारास आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जसे सर्वांत वर चढते तसे सर्वांत खालीही जाते आणि एरव्ही न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते आणि फेरी फारशी फळत नाही. याच हिशेबाने पंधराव्या तिथीची भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे उधाणाची ओहोटी पहाटे पाचच्या पुढे आणि पुन्हा संध्याकाळी तशाच वेळी. ज्या दिवशी किनारा सर्वांत अधिक देतो, त्या दिवशी स्त्रीला उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते. चूल, पाणी आणि लेकरे यांची व्यवस्था त्याआधी लावावी लागते. या व्यवसायाचे वेळापत्रक अशा रीतीने चंद्र आणि घर या दोहोंनी मिळून ठरवलेले होते.

जागेनुसारही फरक पडतो. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर ४ मीटरच्या आसपास असते, तर गोव्याकडे ते २ मीटरच्या आसपास येते. उत्तरेकडील किनारा म्हणूनच अधिक उघडा पडतो. पावसाळ्यात खवळलेला समुद्र आणि खाडीत उतरणारे गोडे, गढूळ पाणी यांमुळे वेचणी मंदावते. श्रावणातील सामिष आहाराचे वर्जन त्याच काळात येते. धर्माने निसर्गाचा नियम उचलला की दोन्ही सहज जुळून आले, हे ठरवण्याची येथे आवश्यकता नाही.

स्वयंपाकघरानेही या अन्नाची दखल घेतली आहे. तिसऱ्या काही तास पाण्यात ठेवल्या म्हणजे आतील रेती बाहेर टाकतात. मग विळीवर उघडून मांस एका शिंपेत राखले की त्याला 'एकशिपी' म्हणतात. बाजारात त्यांची विक्री वजनाने नव्हे तर वाट्याने होत आली आहे. वाटा म्हणजे हाताने लावलेली छोटी रास. तो ऋतू, गिऱ्हाईक आणि दिवसाची वेळ पाहून लहानमोठा होतो. संख्याशास्त्रास वाट्याचे काय करावे हे कधीच कळलेले नाही.

दप्तरात काय येते

राज्यसंस्थेची दप्तरे महसुलासाठी निर्माण होतात. समुद्रावर चालणाऱ्या नौका दस्तकाच्या आणि जकातीच्या निमित्ताने कागदावर येतात. मिठागरे मिठावरील करामुळे येतात. खाजण जमिनींचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. खाडीकाठचा खारा चिखल बांध घालून भातशेतीखाली आणला की त्यावर कौल दिला जाई, काही वर्षांची सूट मिळे आणि मग सारा बसे. ठाणे व कुलाबा भागांतील शिलोत्री जमिनी अशाच रीतीने घडल्या. ज्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या वेचल्या जात होत्या, तो चिखल बांध पडेपर्यंत दप्तराच्या लेखी पडीक होता. बांध पडल्यावर त्याला मालक मिळाला, क्षेत्रफळ मिळाले आणि इतिहासही मिळाला. वेचणारी मात्र बांधाच्या बाहेर राहिली.

शिंपल्याचे कवचही असेच दुसऱ्या रूपाने हिशेबात शिरते. कवचे भाजून चुना करण्याची रीत किनाऱ्यावर सर्वत्र होती आणि बांधकामाच्या खर्चात चुना हमखास येतो. म्हणजे कवचाला किंमत होती आणि मांसाला नोंद नव्हती. याचा आणखी एक परिणाम इतिहास-अभ्यासकाच्या मुळावर येतो. डेन्मार्कमध्ये १८४८ साली नेमलेल्या संशोधक समितीने किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या प्रचंड राशी या प्रागैतिहासिक माणसाच्या जेवणाच्या खुणा आहेत हे सिद्ध केले. जपानमध्ये एडवर्ड मोर्स यांनी १८७७ मध्ये ओमोरी येथे तशीच रास उकरली. कोकणात खाऊन टाकलेली कवचे चुनाभट्टीत जात राहिली. जो पुरावा ढिगाच्या रूपाने उरला असता, त्याचा बराच भाग भिंतींच्या दर्जांत आणि गिलाव्यात विरला असणार.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांचे लक्ष या जीवांकडे वळले. जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये मद्रास इलाख्यातील खाद्य मृदुकाय प्राण्यांवर लिहिले. एच. एस. राय यांनी १९३२ मध्ये मुंबई इलाख्यातील शिंपल्यांच्या व्यवसायाचा परामर्श घेतला आणि पुढच्याच वर्षी एच. टी. सोर्ली यांचा मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवरील अहवाल निघाला. रत्नागिरीच्या कवचधारी जीवांवर एम. आर. रानडे यांचा मुंबई विद्यापीठातील प्रबंध १९६४ चा आहे. हे सारे काम मोलाचे आहे. परंतु त्याचा विषय जीव आणि उत्पादन हा होता. त्यामुळे तिसरीची वाढ, तिचा प्रजननकाळ, तिचे खाद्य यांविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे ती काढणाऱ्या हातांविषयी लिहिले गेले नाही. समाजशास्त्राने सोनकोळी समाजाकडे पाहिले, विजया पुणेकर यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९५९ चा आहे. तरीही एकूण लेखनात कोळी पुरुष नावेवर आणि कोळीण बाजारात, ही जोडीच ठसठशीत राहिली. पहाटे खडकावर वाकलेली स्त्री तिच्यात बसत नव्हती.

हक्काचा प्रश्न

ही उपेक्षा केवळ अभ्यासाची असती तर तिची खंत मर्यादित राहिली असती. पण १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ३७ ने भरतीरेषेखालील समुद्रतळ, बंदरे व खाड्या, जेथे व्यक्तीची मालकी नसेल तेथे, सरकारच्या ठरवल्या. कायद्याने अस्तित्वात असलेले सार्वजनिक व व्यक्तिगत हक्क मात्र राखून ठेवले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २० ने हीच भूमिका चालू ठेवली. हक्क राखून ठेवलेला होता, पण तो सिद्ध करावा लागणार होता आणि सिद्ध करण्यासाठी कागद हवा होता. ज्या व्यवसायाने कधी कर भरला नाही, परवाना घेतला नाही, पावती ठेवली नाही, त्याच्याकडे तो येणार कोठून? १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा रोखही मासेमारी नौकांच्या नियमनाकडे आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडते. तेथील गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी १८५४-५५ मध्ये मूळ रहिवाशांशी केलेल्या करारांत त्यांचा नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क मान्य झाला होता. नागरिकांनी खुंट्या मारून राखलेल्या वा लागवड केलेल्या जागांतून शिंपल्या घेऊ नयेत, एवढा अपवाद त्यात लिहिलेला होता. १९९४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड रॅफीडी यांनी त्याच अपवादाच्या आधारे ठरवले की इतर नैसर्गिक जागांतील शिंपल्या हक्कात येतात, आणि जमातींना त्या उत्पन्नाच्या निम्म्या वाट्याचा अधिकार दिला. मूळ रहिवाशांवर बंधन घालण्यासाठी लिहिलेले वाक्य १४० वर्षांनी त्यांच्या बाजूचा पुरावा ठरले. कोकणातील वेचणाऱ्यांवर कोणी असे बंधनसुद्धा लिहून ठेवले नाही.

मुंबई बेटांच्या इतिहासात ही उणीव सर्वांत ठळक दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खिंड बांधाने बंद झाली. कुलाब्याचा सेतुमार्ग १८३८ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये पुरा झाला. पुढे बॅक बेची भरावे आली. या कामांचे नकाशे, खर्च, कंत्राटदार व वाद यांची माहिती विपुल उपलब्ध आहे. बुजलेल्या खाजणांत आणि खडकांवर कोण काय वेचत होते, याचा शोध मात्र या कागदांतून घेता येत नाही. आजच्या अभ्यासकाला कोळीवाड्यांतील वृद्ध स्त्रियांची साक्ष, खडकांची व खाडीतील ठिकाणांची स्थानिक नावे आणि बाजारातील वाट्यांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. ही साधने दिवसेंदिवस कमी होत आहेत.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. वरळीच्या मच्छीमार संस्था न्यायालयात गेल्या आणि जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली आणि भराव पुढे चालू राहिला. त्यानंतरचा दीर्घ वाद नौकांच्या वाटेवरील पुलाच्या खांबांमधील अंतराचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये ते ६० ऐवजी १२० मीटर करण्याचे मान्य झाले. नौकेला किती रुंदीची वाट हवी हे मोजून मागता आले. भरावाखाली गेलेल्या खडकाळ पट्ट्यावर ओहोटीत पायी उतरणाऱ्यांची मागणी मांडायची, तर आधी त्या पट्ट्यावर त्यांची ये-जा होती हेच दाखवून द्यावे लागणार होते.