दौत्रिन आणि पुराण

धर्म कोणता शिकवावा यावर पंडितांचे वाद पुष्कळ झाले आहेत. परंतु तो कोणाला शिकवावयाचा, या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. लेकराला शिकवण्याची रीत एक आणि संसारात मुरलेल्या मनुष्याला शिकवण्याची रीत दुसरी. लेकराच्या मनाची पाटी बहुतांशी कोरी असते. प्रौढाच्या पाटीवर आधीच बरेच लिहिलेले असते आणि ते पुसून टाकल्याने नवे आपोआप उमटत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या इतिहासात या भेदाची जाणीव कशी होत गेली, हे पाहण्यास आम्हां मराठी भाषकांना फार दूर जावे लागत नाही. त्याचे एक उत्तम उदाहरण आमच्या शेजारी, गोमंतकातील साष्टी प्रांतात घडलेले आहे.

प्रथम युरोपातील पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेऊ. १५२९ साली ल्यूथरने दोन प्रश्नोत्तरावल्या काढल्या, एक मोठी व एक लहान. कॅथलिक पक्षाकडून पेत्रुस कानिसियुस या जेझुइटाने १५५५ साली मोठी लॅटिन प्रश्नोत्तरावली सिद्ध केली आणि पुढे लवकरच मुलांसाठी तिची छोटी रूपे तयार केली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे ठरवले की, रविवारी व सणांच्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामात मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवली जावीत. तीन वर्षांनी, १५६६ साली, रोममध्ये जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो मुलांच्या हाती द्यावयाचा नव्हता. शिकवणाऱ्या धर्मगुरूंनी तो वाचावयाचा होता. याप्रमाणे शिकणारा व शिकवणारा यांची पुस्तके वेगळी झाली.

हिंदुस्थानात हे काम आधीच सुरू झाले होते. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यांतून हिंडावे, मुले व गुलाम गोळा करावेत आणि धर्मपाठ सुरावर म्हणवून घ्यावा, ही त्यांची पद्धत. पुढे तामिळ किनाऱ्यावर त्यांनी दुभाष्यांकडून प्रार्थना भाषांतरित करून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि मुलांकडून वदवून घेतल्या. मुलांनी त्या घरी जाऊन आईबापांना शिकवावयाच्या. श्रद्धेच्या एकेका कलमापाशी थांबून ‘हे मानता काय?’ असे विचारावे आणि सर्वांनी छातीवर हात दुमडून ‘मानतो’ म्हणावे. पण ‘मी श्रद्धा ठेवतो’ या अर्थी जो तामिळ शब्द योजला होता, त्याचा अर्थ ‘मला पाहिजे’ असा होतो, हे त्यांना १५४४ साली कळले आणि त्यांनी सहकाऱ्याला पत्र लिहून तो बदलावयास सांगितले. सारा गाव एका स्वराने ‘मला पाहिजे, मला पाहिजे’ म्हणत होता आणि गुरूला वाटत होते की, ही श्रद्धेची कबुली आहे! पाठांतराचे बळ आणि त्याचा धोका, दोन्ही या एका गोष्टीत दिसतात.

गोमंतकातील परिस्थिती आणखी बिकट होती. १५५९ साली अनाथ मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचे फर्मान निघाले. १५६० साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसले. १५६७ साली साष्टीतील देवालये पाडण्यात आली. त्याच वर्षी भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने कोणासही बळाने बाटवू नये असे सांगितले खरे, परंतु भोवतालच्या कायद्यांचा रोख निराळाच होता. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. या साऱ्या घडामोडींत ज्यांनी नवा धर्म घेतला, त्यांच्या घरातील पोथ्या गेल्या, कीर्तने गेली, रात्री ओव्या ऐकण्याची सवय मात्र राहिली. ही पोकळी शिकवणाऱ्यांनी पाहिली की नाही, हा आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

ती पाहणारा एक मनुष्य निघाला. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील टॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षे, त्याच भूमीत राहिले. त्यांतला बराच काळ त्यांनी साष्टीत काढला. मुलांसाठी त्यांनी ‘दौत्रिन क्रिश्तां’ हे प्रश्नोत्तररूप पुस्तक कोंकणीत सिद्ध केले. ते मार्कोस जोर्जे या पोर्तुगीज जेझुइटाच्या लिस्बन येथील बालबोध पुस्तकाच्या आधारे रचलेले असून, स्टीफन्स यांच्या निधनानंतर, १६२२ साली, रायतूर येथे छापले गेले. येथे भाषेची निवड पाहण्याजोगी आहे. लेकरू ज्या भाषेत आईशी बोलते, त्याच भाषेत त्याला प्रश्न विचारावा व उत्तर घ्यावे.

प्रौढांसाठी त्यांनी काय केले? ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी त्यांनीच एक प्रसंग गुंफला आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना दौत्रिन शिकवणे चालले असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंना म्हणतो की, दौत्रिन उत्तमच आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? आमच्या मते गोमंतकीय धर्मशिक्षणाच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा प्रश्न होय. विचारणारा बंडखोर नाही, नव्या धर्माशी त्याचे भांडण नाही. कथा ऐकण्यास चटावलेल्या प्रौढ मनाला दहा प्रश्न व दहा उत्तरे पुरत नाहीत, एवढेच तो सांगतो.

१६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या मागणीला दिलेले उत्तर आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. भाषा मराठी, कारण पोथीची भाषा तीच होती. परंतु जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून कोंकणीचे सोपे शब्द त्यात मिसळलेले. स्वर्गाला येथे ‘वैकुंठ’ हे नाव आहे. ज्याच्या पाटीवर आधीचे लेखन आहे, त्याला त्याच अक्षरांत नवे लिहून द्यावे, असा हा मार्ग आहे. मराठीची जी स्तुती शाळेतील मुलांनाही परिचित असते, तीही याच ग्रंथातली. देवनागरी खिळे पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले आणि जोडाक्षरांसह लागणारे सहाशे साचे दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही दिला. तो बेत सिद्धीस गेला नाही, आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला.

तथापि एवढ्यावरून सर्व ठीक झाले असे मानणे भोळेपणाचे ठरेल. ज्यांनी पोथ्या हिरावल्या, त्यांच्याच पक्षाचा एक मनुष्य नवी पोथी घेऊन आला होता. पण त्याने मागणाऱ्याचे म्हणणे ऐकले, हेही तितकेच खरे. १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हस्तलिखिते करून ग्रंथ जगवला, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापला गेला. ज्या पुस्तकाची नक्कल माणसे हाताने करतात, ते त्यांना हवे असते, हे वेगळे सांगावयास नको.

स्टीफन्स यांचा मार्ग राज्यकर्त्यांना मात्र मानवला नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. आईच्या भाषेत मुलाला आणि पोथीच्या भाषेत बापाला शिकवण्याची दृष्टी तेथे मावळली. तिची पुन्हा ओळख पटण्यास फार काळ जावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषांना उपासनेत जागा दिली. १९७१ साली रोमहून धर्मशिक्षणाची जी सर्वसाधारण मार्गदर्शिका निघाली, तिने प्रौढांचे शिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप मानले. साष्टीतील त्या ब्राह्मणाने नेमके हेच मागितले होते.

या इतिहासापासून घेण्याजोगा बोध केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही. शिकवणे म्हणजे लेकराकडून उत्तर वदवून घेणे खरे, पण तेवढेच नव्हे. मोठ्या माणसाचा प्रश्न ऐकून घेणे, हाही त्याचाच भाग आहे. दौत्रिनीत गुरू विचारतो आणि शिष्य उत्तर देतो. पुराणाच्या आरंभी शिष्य विचारतो आणि गुरूला ग्रंथ लिहावा लागतो.