घाटाखालची व्याख्यानं

आमच्या खर्डीत व्याख्याते यायचे ते कसारा लोकलनं. आजोबा रेल्वेत गँगमन होते. आटगाव ते कसारा या पट्ट्यातल्या रुळांवर त्यांची उमर गेली. संध्याकाळच्या गाडीतून काखेत पुस्तकं घेतलेला माणूस उतरला, की त्याला कंदिलाच्या उजेडात शाळेपर्यंत नेण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. त्यांच्या आठवणीत ही साठच्या दशकातली गोष्ट. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, रेल्वे कसाऱ्याला पोचली १८६१ साली आणि थळ घाट चढून इगतपुरीला गेली १८६५ मध्ये. म्हणजे गाडी दाराशी असूनही विद्यापीठातल्या माणसाला आमच्या गावात उतरायला शंभर वर्षं लागली. याचा मला आजही राग येतो.

शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरली जाई. कुणबी, ठाकर, दुकानदार, वखारीतले हमाल असे सगळे येत. गावजेवणात वेगळ्या पंगतीला बसणारी माणसं तिथं शेजारी बसली, हे आजोबा अभिमानानं सांगत. कातकरी मात्र बरीच वर्षं कडेला उभेच राहिले, हेही ते लपवत नसत.

एकदा विषय होता लोकशाही. वक्त्यांनी मताचा अधिकार, राज्यघटना, सगळं नीट समजावलं. शेवटी एक ठाकर म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाबा, धरान आमच्या रानात, नळ म्हमईत. मंग मत सारखं कसं?" तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, पुढं भातसा धरणही आमच्याच तालुक्यात झालं, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर अजून टँकरची वाट बघतात. वक्ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिलेला इशारा सांगितला: राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता हा विरोध लवकर मिटवला नाही, तर ज्यांना विषमतेची झळ बसते तेच हा डोलारा उद्ध्वस्त करतील. आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की पुढं ते भाषण पुस्तकात वाचताना ते मला आधीच ओळखीचं होतं.

महाराष्ट्रात व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच वर्षी स्वामी दयानंदांची व्याख्यानंही पुण्यात झाली. ती संपल्यावर मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी त्यांची टर उडवायला गाढवाची मिरवणूक काढली, चिखल फेकला. त्या दिवशी रानडे आणि जोतीराव फुले, दोघेही स्वामींच्या बाजूनं चालत होते. दयानंदांची सगळी मतं जोतीरावांना पटत होती असं नाही. माणसाला बोलू दिलं पाहिजे, एवढ्यासाठी ते रस्त्यावर आले असं मी समजतो, आणि सार्वजनिक व्याख्यानाचा पाया मला त्या चिखलातच दिसतो.

पुढं विद्यापीठांनीही हे काम उचललं. घाटावर पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू बाबासाहेब जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगाव नेतं, घाटाखाली मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आहे. विज्ञानासाठी १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे.

विज्ञानाची आठवण आजीची. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण कारवारपासून पुरीपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास दिसलं, आमच्याकडे खंडग्रास. त्याआधी शाळेत एका शिक्षकांनी ग्रहणावर व्याख्यान दिलं. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर कशी पाडायची ते दाखवलं. तेव्हा आत्या पोटुशी होती. आजीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं, आणि ग्रहणाच्या दिवशी आत्याला घरातच बसवलं, विळीला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र अंगणात जाऊन तिनं कागदावरची ती चंद्रकोरीसारखी प्रतिमा पाहिली. एका व्याख्यानानं भीती जात नाही. पण १९९५ च्या ग्रहणाला आमची वहिनी पोटुशी होती, आणि तिला चूल पेटवायला आजीनंच सांगितलं.

कलेवरची व्याख्यानं आमच्याकडे फारशी झाली नाहीत. वारली चित्रांवर शहरात परिसंवाद होतात, आणि लग्नात चौक लिहिणाऱ्या बायांना तिकडे बोलावणं नसतं. याहून जास्त मला त्यावर सांगता येणार नाही.

आता शाळेत वीज आहे, प्रोजेक्टर आहे, ती सतरंजी गेली. तरुण पोरं मोबाइलवर मोठमोठ्या विद्यापीठांतली भाषणं ऐकतात, चांगलं आहे. पण त्या म्हातारीसारखं उठून विचारायचं तर वक्ता समोर लागतो, आणि ऐकणाऱ्यांत शेजारची माणसं लागतात. ठाणे-दादरच्या सभागृहांतच सगळी व्याख्यानं होत राहिली, तर पाण्यासारखं हेही आमच्या दारावरून पुढं गेलं असं म्हणावं लागेल.

म्हणून हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना, लेखकांना, शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे. वर्षातला एक शनिवार खर्डीला, डोळखांबला, मुरबाडच्या एखाद्या पाड्याला द्या. परतीची गाडी चुकली तर मुक्कामाला आमचं घर आहे. फक्त एक करा: बोलायला जेवढा वेळ घ्याल, तेवढाच प्रश्नांसाठी ठेवा.