चोवीस विरुद्ध शून्य : एका स्नेहसामन्याचा इतिहास

रणांगणावरील लढायांची नोंद इतिहासकार तत्परतेने करतात. परंतु ज्या लढतींत रक्त सांडत नाही आणि जेता-पराजित दोघेही संध्याकाळी एकाच पंगतीला बसतात, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. अशा लढतींतूनही मनुष्यस्वभावाची आणि समाजाची ओळख पटते, असे आम्हांला वाटते. म्हणून इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या हौशी गोल्फपटूंमध्ये दरवर्षी होणाऱ्या सामन्याची हकिकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. स्कॉटिश व्यापारी व लष्करी अधिकारी जेथे जेथे गेले, तेथे तेथे त्यांनी तो नेला. १८२९ मध्ये कलकत्त्यात आणि १८४२ मध्ये आपल्या मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाला. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना मात्र या खेळाची गोडी फार उशिरा लागली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील क्रिकेटचा सामना १८२७ पासून आणि नौकांची शर्यत १८२९ पासून सुरू झाली होती. गोल्फचा सामना व्हायला १८७८ साल उजाडावे लागले. म्हणजे मुंबईच्या मैदानावर गोल्फचा चेंडू फिरू लागल्यानंतर तब्बल छत्तीस वर्षांनी हे विद्यार्थी परस्परांसमोर उभे राहिले!

त्या काळी त्यांच्यापाशी धड मैदानही नव्हते. ऑक्सफर्डचे विद्यार्थी काउली मार्श या पाणथळ कुरणावर खेळत; केंब्रिजचे विद्यार्थी कोल्डम कॉमन या चिखलाने भरलेल्या गायरानावर. केंब्रिजमध्ये हा खेळ रुजवला तो डब्ल्यू. टी. लिन्स्किल या विद्यार्थ्याने. सेंट अँड्र्यूजशी त्याचे जिवाभावाचे नाते होते आणि खेळाचे वेड त्याने तेथूनच आणले होते. पुढे २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरील पूल कोसळून एक आगगाडी प्रवाशांसह नदीत बुडाली. त्याच गाडीने लिन्स्किल प्रवास करीत होता. परंतु ल्युकर्स स्थानकावर तो उतरला आणि वाचला.

पहिला सामना ६ मार्च १८७८ रोजी लंडनजवळील विंबल्डन कॉमनवर झाला. तो सार्वजनिक माळ. फिरायला येणाऱ्यांना खेळाडू लांबूनच दिसावा म्हणून लाल वस्त्र घालून खेळण्याचा तेथील दंडक आजही पाळला जातो. प्रत्येक संघात अवघे चार खेळाडू होते. प्रत्येक जोडीतील विजेता जितक्या होलांनी पुढे राहील, तितके गुण त्याच्या संघाला मिळायचे. ऑक्सफर्डचे चारही खेळाडू जिंकले आणि अंतिम हिशेब झाला चोवीस विरुद्ध शून्य. विजेत्या संघात हॉरेस हचिन्सन नावाचा अठरा वर्षांचा युवक होता. पुढे १८८६ व १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळवले.

शून्यावर पराभूत झालेल्या संघाने पुन्हा तोंड दाखवू नये, अशी जगाची रीत. केंब्रिजने तसे केले नाही. ते पुढल्या वर्षी पुन्हा आले, आणि म्हणूनच त्या एका दिवसाची परंपरा झाली. स्नेहसामन्याचे मर्म येथेच आहे. तो जिंकणाऱ्यामुळे टिकत नाही. हरूनही परत येणाऱ्यामुळे टिकतो.

कालांतराने गुणमोजणीची पद्धत बदलली. आता प्रत्येक संघात दहा खेळाडू असतात. पहिल्या दिवशी पाच जोड्यांचे व दुसऱ्या दिवशी दहा एकेरी सामने होतात. जोडीच्या खेळात दोघांना मिळून एकच चेंडू असतो आणि तो आळीपाळीने मारावा लागतो. एकाने चेंडू झुडपात धाडला, तर तो बाहेर काढण्याचे काम दुसऱ्याकडे येते. तेथे कुरकुर करून भागत नाही. सोबत्याची चूक ही आपलीच चूक मानून पुढचा फटका मारावा लागतो. संसाराचा गाडा ओढणाऱ्या आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

विद्यापीठ सोडले तरी स्नेह सुटू नये, म्हणून १८९८ मध्ये दोन्ही विद्यापीठांच्या माजी खेळाडूंनी मिळून एक संयुक्त गोल्फ संस्था स्थापन केली. कालचे प्रतिस्पर्धी आज एका संघाचे सोबती झाले. १९०३ मध्ये जॉन लो यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेचा संघ अमेरिकेचा दौराही करून आला.

त्यानंतर पहिले महायुद्ध आले आणि सामना थांबला. मैदानावरील तरुण पिढी खंदकांत गेली. त्यांतील कित्येक परतलेच नाहीत. युद्ध संपल्यावर १९२० च्या जानेवारीत, ससेक्समधील राय येथील समुद्रकाठच्या मैदानावर, संस्थेने आपल्या सभासदांसाठी एक नवी स्पर्धा सुरू केली. भर हिवाळ्यात, बोचऱ्या वाऱ्यात खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेचे पारितोषिक म्हणजे एक जुना पटर, अर्थात चेंडू अलगद होलात ढकलण्याची काठी. विजेत्याचा चेंडू त्या काठीला टांगून ठेवण्याची रीत पडली. पहिला मान अर्नेस्ट होल्डरनेस यांना मिळाला.

या काठीचा इतिहास हृदयस्पर्शी आहे. ती होती ह्यू कर्कल्डी या व्यावसायिक खेळाडूची. १८९१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे त्याने खुले अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्याचा सख्खा भाऊ अँड्र्यू दोन फटक्यांनी मागे पडला होता. परंतु तो काळ असा, की खेळावर पोट भरणाऱ्याला क्लबच्या दिवाणखान्यात सहसा प्रवेश नसे. हौशी खेळाडू तो सभ्य गृहस्थ आणि व्यावसायिक तो नोकर, अशी सरळ विभागणी होती. कर्कल्डी १८९७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. ज्या कष्टकऱ्याला बरोबरीची खुर्ची मिळाली नसती, त्याच्याच हातातील काठी सभ्य गृहस्थांचा सर्वोच्च सन्मान ठरली. हा काव्यात्म न्याय म्हणावा की उशिरा दिलेली दाद, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

या परंपरेचे सर्वांत रसाळ भाष्यकार म्हणजे बर्नर्ड डार्विन. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे ते नातू. केंब्रिजकडून ते १८९५ ते १८९७ अशी तीन वर्षे खेळले व पुढे ‘द टाइम्स’चे गोल्फ-वार्ताहर झाले. १९२२ मध्ये वॉकर करंडकाच्या पहिल्या सामन्याचे वार्तांकन करण्यासाठी ते अमेरिकेस गेले असता ब्रिटिश कर्णधार आजारी पडला. वार्ताहर डार्विन यांनी लेखणी बाजूला ठेवून संघाचे नेतृत्व केले आणि आपला एकेरी सामना अमेरिकन कर्णधाराविरुद्ध जिंकलाही! संघ मात्र हरला. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी राय येथील तो पटरही मिळवला.

या इतिहासाची दुसरी बाजू लपवणे योग्य ठरणार नाही. ही मैत्री मूठभरांची होती. १८७१ च्या कायद्याने या विद्यापीठांतील धर्मविषयक अटी रद्द झाल्या असल्या, तरी कॅथॉलिक तरुणांनी तेथे जाण्यास धर्माधिकाऱ्यांची संमती १८९५ पर्यंत नव्हती. मजुराच्या मुलाला तर खिशाने अडवले होते. स्नेहसामन्याच्या कुंपणाबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक खेळाला विचारावा लागतो.

आपल्या गावांतही सणाच्या दिवसांत दोन आळ्यांचे, दोन धर्मग्रामांचे सामने रंगतात. कधी शब्दाला शब्द लागतो आणि वर्षानुवर्षांचा अबोला पडतो. अशा वेळी विंबल्डनच्या माळावर चोवीस विरुद्ध शून्याने हरलेल्या त्या चौघांचे स्मरण करावे. प्रतिस्पर्धी नसेल तर सामनाच नाही; म्हणून समोरचा संघ हा आपला वैरी नसून आपल्या आनंदाचा भागीदार आहे. पुढल्या वर्षीचे आमंत्रण देणारा आणि ते स्वीकारणारा, दोघेही जिंकलेलेच असतात.