बीप, कपाळ आणि आपला स्वभाव

मध्यंतरी सततच्या डोकेदुखीसाठी बायोफीडबॅकची काही सेशन्स केली होती. कपाळावर इलेक्ट्रोड, कानाला हेडफोन. कपाळाचा स्नायू आवळला की हेडफोनमधला आवाज चढतो, सैल सोडला की उतरतो. आपण फक्त आवाज खाली आणायचा, बस्स. मी पडलो इंजिनियर. समोर आउटपुट मिळतंय म्हटल्यावर लागलो डीबग करायला! जितका जोर लावावा तितका आवाज वर. माझ्या आधीच्या वेळेला येणाऱ्या एका काकूंना म्हणे तिसऱ्या दिवशीच जमलं. "आपल्याला साधं सैल बसताही येत नाही" असा विचार करत घरी आलो.

मग सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. यंत्र तेच असताना काकूंना जमतं आणि मला नाही, असं का? हा प्रश्न या विषयाइतकाच जुना निघाला.

सुरुवात शिकागोमध्ये झाली. १९५८च्या सुमारास जो कामिया हा मानसशास्त्रज्ञ लोकांना अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसवायचा आणि डोक्याला ईईजीच्या तारा लावायचा. मधूनच घंटा वाजायची. मेंदूत या क्षणी अल्फा लहरी आहेत की नाहीत, ते तुम्ही ओळखायचं. बरोबर की चूक, ते लगेच सांगितलं जायचं. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्याची उत्तरं पहिल्या दिवशी छापा-काट्याइतकीच बरोबर होती. चौथ्या दिवशी तो जवळजवळ चुकेनासा झाला. पण सगळेच असे नव्हते. ध्यानाची सवय असलेले, स्वतःच्या मनात डोकावणारे लोक हे लवकर शिकतात, असं कामियाने तेव्हाच नोंदवलं होतं.

साठच्या दशकात रॉकफेलर विद्यापीठातला नील मिलर नेमक्या उलट टोकाला होता. त्याने स्नायू बधिर केलेल्या उंदरांना बक्षीस देऊन हृदयाचे ठोके कमी-जास्त करायला शिकवल्याचे निकाल १९६९ साली 'सायन्स'मध्ये मांडले. बक्षीस दिलं की शरीर शिकतं, त्यात स्वभावाचा काय संबंध? (उंदरांकडून कोण प्रश्नावली भरून घेणार!) पण पुढे खुद्द मिलरलाच तसे निकाल पुन्हा मिळेनात आणि सत्तरच्या दशकात त्याने ते मान्यही केलं. असं जाहीर मान्य करायला धैर्य लागतं.

आपल्याकडचा धागा इथे येतो. १९७० साली कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे, मेनिंजर फाउंडेशनमध्ये, एल्मर ग्रीनने स्वामी राम यांना यंत्रांना जोडलं. त्यांनी एकाच तळहातावरच्या दोन जागांच्या तापमानात सुमारे १० अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखवला. ग्रीनने अशा नियंत्रणाला नाव दिलं ते 'निष्क्रिय इच्छा'. म्हणजे काय, तर हवं ते मनात आणायचं आणि बाजूला व्हायचं. जोर लावायचा नाही. वाचता वाचता माझा हात कपाळाकडे गेला.

पुढे स्वभाव मोजायची साधनं आली. ज्युलियन रॉटरने १९६६ साली एक प्रश्नावली दिली होती: आयुष्याची सूत्रं माझ्या हातात आहेत असं तुम्ही मानता, की नशिबाच्या आणि इतरांच्या? पहिल्या गटाला बायोफीडबॅक सहज जमेल असं कुणालाही वाटेल. पण रे आणि लॅम्ब यांच्या १९७४च्या प्रयोगात गंमत झाली. 'माझ्या हातात' म्हणणारे ठोके वाढवण्यात सरस ठरले. कमी करण्यात मात्र दुसरा गट पुढे! पुढच्या प्रयोगांमध्ये हे चित्र दर वेळी इतकं स्वच्छ राहिलं नाही, पण "जास्त आत्मविश्वास म्हणजे जास्त यश" हे सरळ गणित मोडलं ते मोडलंच.

सगळ्यात सुंदर प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या क्वॉल्स आणि शीहन यांचा, १९७९चा. १९७४ साली टेलेगन आणि अ‍ॅटकिन्सन यांनी तल्लीन होण्याची क्षमता मोजायची एक मोजपट्टी केली होती. पुस्तकात शिरल्यावर हाक ऐकू न येणारी माणसं आपल्या ओळखीची असतातच, तो गुण. क्वॉल्स-शीहन यांनी अशी माणसं आणि त्यांच्या उलट स्वभावाची माणसं निवडली आणि कपाळाचा स्नायू सैल करायला सांगितलं, एकदा यंत्रासह आणि एकदा यंत्राशिवाय. कमी तल्लीन होणाऱ्यांना यंत्राची मदत झाली. जास्त तल्लीन होणारे यंत्राशिवायच जास्त सैल झाले, त्यांना तो आवाज आड येत होता! नंतर त्यांना आवाज चालू असतानाही मनात चित्रं रंगवायला मुद्दाम सांगितलं, तेव्हा तोच आवाज त्यांना अडेनासा झाला.

यावर टेलेगनचं म्हणणं असं, की माणूस कुठल्या पवित्र्यात बसतो ते बघा. एक पवित्रा ध्येय गाठण्याचा, दुसरा नुसता अनुभव घेण्याचा. मोजपट्टीवर मी कुठे बसतो ते माहीत नाही, पण पवित्रा कुठला होता ते चांगलंच माहीत आहे.

अर्थात हे सगळे गटांचे सरासरी निकाल आहेत. त्यावरून कुणी आपले उपचार ठरवू नयेत. पण आज मनगटावरचं घड्याळ आपल्या ताणाचा आकडा दाखवतं आणि तो कमी होईना म्हणून आपण आणखी ताण घेतो. तेव्हा हे प्रयोग आठवावेत. आकडा खाली आला नाही म्हणजे आपण नापास झालो असं नाही. कदाचित तुमच्या स्वभावाला तो आकडाच नको असेल.

असो. पुढच्या सेशनला मी आवाजाकडे लक्ष न देता आजोळच्या विहिरीवरचा रहाट आठवत बसलो. आवाज उतरला. किती, ते मात्र विचारलं नाही.