पोलादावरचा क्रमांक

तेलविहिरीच्या तोंडापासून शुद्धीकरण कारखान्यातील शेवटच्या नळापर्यंत, दाब सोसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक धातूच्या भागावर काही अक्षरे आणि आकडे उमटवलेले असतात. त्यांत बनवणाऱ्याची खूण, पोलादाची प्रत, आकार, दाबाचा वर्ग आणि ‘हीट नंबर’ अशी माहिती असते. यांपैकी हीट नंबरचे महत्त्व सर्वांत जास्त. भट्टीतून एका वेळी वितळून निघालेल्या पोलादाच्या घाण्याला दिलेला हा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाखाली कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर त्या पोलादातील कार्बन, क्रोमियम, गंधक यांचे प्रमाण आणि ताणशक्तीचे आकडे नोंदलेले असतात. क्रमांक पुसला गेला, तर सर्टिफिकेट फाइलमध्ये सुरक्षित राहते. पण ते नेमक्या कोणत्या तुकड्याचे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच पाइप किंवा प्लेट कापण्यापूर्वी, उरणाऱ्या तुकड्यावर हीट नंबर आधी उमटवून घ्यायचा, असा शिस्तीच्या कार्यशाळांचा दंडक असतो. कापून झाल्यावर क्रमांक टाकू म्हणणाऱ्यावर तिथे विश्वास ठेवला जात नाही.

ही काळजी कशासाठी, याचे उत्तर अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यात २८ जुलै २००५ रोजी लागलेल्या आगीत मिळते. (याच कारखान्यात त्याआधी २३ मार्चला १५ जणांचा बळी घेणारा स्फोट झाला होता, ती घटना निराळी.) देखभालीसाठी तेथील उष्णता विनिमयक यंत्रणेचे आठ इंची एल्बो, म्हणजे कोपरासारखे वळलेले जोड, उतरवून पुन्हा बसवण्यात आले. काही एल्बो मिश्रपोलादाचे होते, तर एक साध्या कार्बन पोलादाचा. मापे तंतोतंत सारखी आणि रूपही सारखेच. परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली आणि साध्या पोलादाचा एल्बो अतितप्त, उच्च दाबाच्या हायड्रोजनच्या मार्गात गेला. अशा स्थितीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आतल्या कार्बनशी संयोग पावून मिथेन तयार करतो आणि धातू आतून भेगाळत जातो. जेमतेम तीन महिन्यांत तो एल्बो फुटला, बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला आणि सुमारे तीन कोटी डॉलरचे नुकसान झाले. किरकोळ दुखापत एकालाच झाली, हे सुदैव. मिश्रपोलादाच्या भागांची बसवण्याआधी धातुपरीक्षा झाली असती तर चूक लक्षात आली असती, असा अमेरिकी रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीचा रोख होता.

तेलविहिरीवर तर आकडे वाचत बसण्याइतकी उसंतही नसते. विहिरीत उतरवायच्या केसिंग आणि ट्यूबिंग नळ्यांवर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकानुसार रंगाचे पट्टे ओढतात, ते यासाठीच. जे-५५ प्रतीला एक हिरवा पट्टा, के-५५ ला दोन, एन-८० च्या पहिल्या प्रकाराला लाल, पी-११० ला पांढरा, तर एल-८० ला लाल आणि तपकिरी. नावातील आकडा म्हणजे नळी कायमची ताणली जाण्याआधी किमान किती बल सोसेल ते. हजार पौंड प्रति चौरस इंच या हिशेबात. मग पी-११० ही एल-८० पेक्षा सरस, असे कोणालाही वाटेल. पण विहिरीतील वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल, तर अधिक बळकट आणि म्हणून अधिक कठीण असलेले पोलादच अचानक तडकण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी कठीणपणा मुद्दाम मर्यादेत ठेवलेली एल-८० लागते. मुंबईच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू याच प्रकारचा ‘आंबट’ वायू आहे. तो हजिरा येथे आणून त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढून टाकावा लागतो. अशा कामात पांढरा पट्टा की लाल-तपकिरी, हा तपशील किरकोळ उरत नाही.

खूण उमटवण्याची सर्वांत जुनी साधने म्हणजे हातोडी आणि अक्षरांचे पोलादी पंच. स्वस्त, वीज न लागणारे आणि रंगाखालीही टिकणारे हे अंकन असल्याने आजही ते सर्रास दिसते. मात्र त्यात एक खोच आहे. धारदार पंचाने पडलेल्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या तळाशी ताण एकवटतो आणि ठोक्यामुळे तेवढ्या भागातील धातू अधिक कठीण होतो. आंबट वायूच्या सान्निध्यात नेमके हेच नको असते. ओळख पटवण्यासाठी केलेली खूणच भेगेचा उगम ठरू शकते. म्हणून या सेवेसाठीच्या मानकांत धारदार पंच केवळ कमी ताणाच्या जागी, उदाहरणार्थ फ्लँजच्या बाहेरच्या कडेवर, चालतो. अन्यत्र ठिपक्यांचे किंवा गोलाकार तळाची खाच पाडणारे ‘लो-स्ट्रेस’ पंच वापरावे लागतात.

ठिपक्यांचे हेच तत्त्व यंत्रावर चढवले की ‘डॉट पीन’ यंत्र होते. टंगस्टन कार्बाइडची टोकदार सुई हवेच्या दाबाने किंवा विद्युतचुंबकाने भराभर आदळते आणि संगणकाने दिलेला मजकूर ठिपक्याठिपक्यांनी उमटतो. खोली प्रत्येक ठिकाणी सारखी राहते, हातोडीवाल्याच्या मनगटावर अवलंबून राहत नाही. हातात धरून पाइपापाशी नेता येतील अशी यंत्रेही मिळतात. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. तो नको असेल तर सुई न आपटता ओढत नेणारे ‘स्क्राइब’ यंत्र आहे. अक्षरे सलग आणि सुबक येतात.

लेसर धातूला स्पर्शच करत नाही, म्हणून बारीक भागांवर आणि मोठ्या उत्पादनात तो सोयीचा. स्टेनलेस स्टीलवर मात्र लेसरच्या उष्णतेने येणारा काळसर थर त्या जागी गंजरोधकता कमी करू शकतो; खारी हवा लागणाऱ्या समुद्रातील फलाटावर हा विचार करावाच लागतो. रंगाचे स्टेन्सिल आणि मार्कर निरुपद्रवी वाटतात. पण स्टेनलेस स्टीलसाठी क्लोराइडचे प्रमाण नगण्य असलेलीच शाई वापरावी लागते, आणि जस्ताचा रंग असलेल्या जागी पुढे वेल्डिंग झाले तर धातूला भेगा पडण्याची भीती असते.

अलीकडे आकड्यांच्या जोडीला ‘डेटा मॅट्रिक्स’ हा चौकटीतील ठिपक्यांचा कोड उमटवतात. त्याचा काही भाग खरवडला गेला तरी उरलेल्या ठिपक्यांवरून पूर्ण मजकूर परत मिळवण्याची सोय त्यात असते, त्यामुळे धुळीचिखलात आणि घासाघाशीत तो तग धरतो. खोदकामाच्या ड्रिल पाइपला तेवढाही आसरा नसतो; खडकाशी घासून त्याच्या जोडाचा बाहेरचा पृष्ठभाग झिजतो. म्हणून त्याची खूण जोडाच्या आट्यांच्या मुळाशी करतात. ती जागा दुसऱ्या पाइपात फिरवून बसते आणि झाकली जाते.

खूण आहे म्हणून ती खरी, असे मात्र नाही. पंचांचा संच बाजारात कोणालाही मिळतो. १९२४ पासून चालत आलेल्या एपीआय मोनोग्रामसोबत परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष देण्याची पद्धत आहे. परवानाधारकांची सूची सर्वांसाठी खुली असल्याने त्या तारखेला, त्या वस्तूसाठी तो परवाना वैध होता का, हे खरेदीदाराला पडताळता येते. प्रत्यक्ष धातू तपासण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारे, पिस्तुलासारखे हातात धरायचे उपकरण असते. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांचे प्रमाण ते काही क्षणांत सांगते. परंतु कार्बन मोजणे त्याच्या आवाक्यात नाही. त्यामुळे ३१६ आणि कमी कार्बनची ३१६-एल या दोन स्टेनलेस प्रतींत त्याला फरक करता येत नाही. त्यासाठी विद्युत ठिणगी पाडून तिच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारे उपकरण लागते. ठिणगीने पृष्ठभागावर पडलेला डाग नंतर घासून काढतात आणि तपासनीस हीट नंबरशेजारी रंगाने आपली खूण करतो.